वाटेत अडवलेलं उत्तर

तारीख विचारली आणि उत्तर आलं शून्य.

पायथन शिकू लागलेल्या बहुतेकांच्या हातून हे एकदा तरी होतं. स्क्रिप्टमध्ये आजची तारीख हवी असते. टर्मिनलवर 'डेट' टाइप करून एंटर दाबलं की तारीख दिसते, हे ठाऊक असतं. मग तीच कमांड पायथनमधून चालवायची म्हणून 'ओएस डॉट सिस्टिम' हे फंक्शन शोधून काढायचं, त्याचं उत्तर एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचं आणि प्रोग्राम चालवायचा. पडद्यावर तारीख उमटतेसुद्धा. काम फत्ते, असं वाटून पुढच्या ओळीत ते व्हेरिएबल छापून बघावं, तर ०. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने हे दहा वेळा करून पाहिलं आणि वैतागून म्हणाली, "सर, त्याला तारीख माहितीये, तो मला दाखवतोय पण, मग देत का नाहीये?"

प्रश्न फार नेमका होता. तारीख दिली गेली होती, पण पडद्याला. तिच्या स्क्रिप्टच्या हाती लागला तो 'डेट'ने जाताजाता दिलेला निरोप, की काम नीट झालं. आणि युनिक्सच्या दुनियेत 'नीट झालं' हे शून्याने सांगतात. पडद्याकडे निघालेला मजकूर वाटेत अडवायचा आणि आपल्या व्हेरिएबलमध्ये घालायचा, एवढाच या प्रकरणाचा विषय. एवढ्याशा विषयाने माझ्या बऱ्याच रात्री खाल्ल्या आहेत.

शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलवर टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ही अडवणूक एका ओळीची आहे:

आज=$(डेट)

(प्रत्यक्षात ही नावं रोमन लिपीत टाइप करायची. इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत.) कंसातली कमांड आधी चालते, ती जे छापेल ते कंसाच्या जागी येऊन बसतं आणि 'आज' या नावाखाली साठवलं जातं. 'बरोबर'च्या चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडायची नाही. सोडली तर शेल 'आज' नावाचा प्रोग्राम शोधायला निघतो आणि तो सापडत नाही म्हणून कुरकुर करतो.

या एका ओळीमागे बरीच जुनी कल्पना आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधले डग मॅक्‌इलरॉय यांनी ११ ऑक्टोबर १९६४ च्या एका टिपणात लिहून ठेवलं होतं की बागेतल्या रबरी नळीचे तुकडे जसे एकाला एक जोडता येतात, तसे प्रोग्रामही जोडता आले पाहिजेत. तेव्हा युनिक्स जन्मालाही आलं नव्हतं. त्याची सुरुवात १९६९ ची. मॅक्‌इलरॉय मात्र ही कल्पना सोडायला तयार नव्हते. शेवटी १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये पाइप बसवला. तो एका रात्रीत बसवला, असं मॅक्‌इलरॉय यांनीच नंतर सांगितलं आहे. एका प्रोग्रामचं बोलणं दुसऱ्याच्या कानात सोडता येऊ लागलं, की ते आपल्याच स्क्रिप्टच्या कानात सोडणं फार दूर राहत नाही. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या स्टीफन बोर्न यांच्या शेलमध्ये ती सोय होती. चिन्ह वेगळं होतं: कमांडच्या दोन्ही बाजूंना बॅकटिक, म्हणजे कीबोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातलं ते तिरकं टिंब.

बॅकटिक आजही चालतं, पण त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. छापील पुस्तकात ते साध्या अवतरणचिन्हासारखं दिसतं आणि विद्यार्थी तासभर चुकीची कळ दाबत बसतो. शिवाय उघडणारं आणि मिटणारं चिन्ह एकच असल्यामुळे एकात एक कमांड घालायची झाली, की उलट्या तिरक्या रेघांचं जंगल माजतं. डेव्हिड कॉर्न यांच्या शेलने १९८० च्या दशकात $( ) ही पद्धत आणली आणि हा गुंता सुटला. $(बेसनेम $(पीडब्ल्यूडी)) असं सरळ लिहिता येतं. इथलं पीडब्ल्यूडी म्हणजे बांधकाम खातं नव्हे. आपण कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत याचा पूर्ण पत्ता सांगणारी ती कमांड. बाहेरचं बेसनेम त्या पत्त्यातलं शेवटचं नाव तेवढं ठेवतं.

आता या कंसाच्या पोटात काय चालतं ते जवळून बघू. प्रत्येक चालू प्रोग्रामला जन्मतःच तीन उघडी दारं मिळतात. त्यांना नावं असली तरी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्यांना क्रमांकानेच ओळखतो. ० मधून माहिती आत येते, १ मधून उत्तर बाहेर जातं, २ मधून तक्रार बाहेर जाते. दाराच्या पलीकडे पडदा आहे, फाइल आहे की आणखी कुणी, याच्याशी प्रोग्रामला कर्तव्य नसतं. तो १ वर लिहितो आणि मोकळा होतो.

शेल आधी कर्नलकडे एक पाइप मागतो. त्याची दोन टोकं मिळतात, समजा ३ आणि ४: चारमध्ये लिहायचं, तीनमधून वाचायचं. मग शेल 'फोर्क' करतो, म्हणजे स्वतःची हुबेहूब दुसरी प्रत काढतो. या क्षणाला दोन शेल आहेत, दोघांकडे तीच दारं, तीच टोकं. फोर्कचं उत्तर दोघांनाही मिळतं, पण निरनिराळं: मुलाला ०, पालकाला त्या मुलाचा क्रमांक. आपण कोण, हे दोघांना त्यावरूनच कळतं. मूल काय करतं, तर आपलं १ नंबरचं दार पडद्यावरून काढून पाइपच्या ४ नंबरच्या टोकाला जोडतं, उरलेली टोकं बंद करतं आणि मग 'एक्झेक' करून स्वतःच्या जागी 'डेट'ला आणून बसवतं. जुना भाडेकरू गेला, नवा आला. नळजोडणी मात्र आधीच्याने करून ठेवलेली तशीच. 'डेट' नेहमीसारखी १ वर तारीख लिहिते. ती पडद्याऐवजी पाइपमध्ये पडते आणि दुसऱ्या टोकाला पालक शेल ती उचलायला बसलेलाच असतो.

या सगळ्यात एक बारीक काम आहे, जे विसरल्यामुळे मी एक अख्खी संध्याकाळ गमावली. मूल जन्मल्यावर पालकाला आपल्याकडचं ४ नंबरचं टोक बंद करावं लागतं. पाइपमध्ये लिहू शकणारा एकही जण उरला नाही, तेव्हाच वाचणाऱ्याला 'संपलं' असं कळतं. मी सी भाषेत हे पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ते टोक बंद केलं नव्हतं. 'डेट' येऊन गेली, तारीख हातात पडली, आणि माझा प्रोग्राम पुढच्या मजकुराची वाट बघत बसला. लिहिणारा उरला होता तो एकटाच, म्हणजे तो स्वतःच. $( ) मध्ये एखादा सर्व्हर पार्श्वभूमीत सुरू केला की स्क्रिप्ट लटकते, तीही याच कारणाने: सर्व्हर पाइपचं टोक हातात धरून जिवंत असतो आणि शेलला वाटतं अजून काहीतरी यायचं आहे.

दुसरा खड्डा याहून कपटी, कारण तो चाचणीत सापडत नाही. पाइपला पोट असतं आणि ते मोजकं असतं. लिनक्सवर ते साधारणपणे ६५,५३६ बाइटचं. ते भरलं की लिहिणाऱ्याला कर्नल थांबवून ठेवतो, वाचणाऱ्याने थोडं उपसेपर्यंत. आता स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने असा विचार केला, की आधी प्रोग्राम संपू दे, मग निवांत वाचू. विचार सरळ वाटतो. छोटं उत्तर असेल तर चालतंही. उत्तर मोठं आलं, की मूल म्हणतं तू वाच म्हणजे मी पुढे लिहितो, आणि पालक म्हणतो तू संप म्हणजे मी वाचतो. दोघं सकाळपर्यंत तसेच उभे. सीपीयू शांत, एरर नाही, काही नाही. चाचणीला वापरलेली फाइल दहा ओळींची असते आणि खऱ्या कामाची दहा हजार ओळींची, म्हणून हे नेमकं खऱ्या कामाच्या दिवशी घडतं. पायथनमध्ये २००४ साली २.४ या आवृत्तीबरोबर 'सबप्रोसेस' हे मॉड्यूल आलं. त्यातलं 'कम्युनिकेट' हे फंक्शन पाइप उपसत उपसतच वाट बघतं. पुढे २०१५ मध्ये 'रन' आलं आणि २०१८ मध्ये त्याला 'कॅप्चर आउटपुट' हा पर्याय मिळाला. सुरुवातीच्या त्या मुलीला हवं होतं ते हेच. आज शिकणाऱ्याने थेट इथूनच सुरुवात करावी.

२ नंबरच्या दाराबद्दल अजून बोललो नाही. ते सुरुवातीला नव्हतंच. उत्तर आणि तक्रार दोन्ही एकाच वाटेने बाहेर पडायची. सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमध्ये फोटोटाइपसेटर आला. मजकूर प्रकाशाने लांबलचक कागदावर उमटायचा आणि तो कागद मग घाण वास मारणाऱ्या रसायनांच्या यंत्रातून काढायला काही मिनिटं जायची. 'याक' हा प्रोग्राम लिहिणारे स्टीफन जॉन्सन यांनी सांगितलेली हकिकत अशी, की एका दुपारी तिथल्या बऱ्याच जणांच्या हातात तो कागद आला तेव्हा त्यावर एकच ओळ होती, अतिशय देखण्या टायपात जुळवलेली: अमुक फाइल उघडता येत नाही. आरडाओरडा झाला, तो योग्य माणसांच्या कानावर गेला, आणि एकदोन दिवसांत तक्रारींसाठी वेगळं दार तयार झालं.

$( ) फक्त १ नंबरचं दार अडवतं. तक्रारी पूर्वीसारख्याच पडद्यावर जातात. कधीकधी त्याही पकडायच्या असतात, मग कंसात कमांडच्या शेवटी २>&१ असं लिहितात: दोनचं दार एक जिथे जातं तिथेच जोड. सवयीने हे सगळीकडे चिकटवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या व्हेरिएबलमध्ये मग फाइलच्या यादीत एक "फाइल" अशी निघते, जिचं नाव 'परवानगी नाही' असतं. फोटोटाइपसेटरच्या दिवसांतून दोन दारं मिळवली ती पुन्हा एक करण्यासाठी नव्हे. दोन्ही हवं असेल तर दोन वेगळ्या ठिकाणी पकडावं.

माणसांचं एक लक्षण प्रोग्राममध्येही आहे: समोर कोण आहे ते बघून बोलणं. वर मी म्हटलं की दाराच्या पलीकडे कोण याच्याशी प्रोग्रामला कर्तव्य नसतं, ते पूर्ण खरं नाही. डोकावून बघायची सोय आहे आणि बरेच प्रोग्राम डोकावतात. 'एलएस' टर्मिनलवर चालवलं की फाइलची नावं रकान्यांत मांडून दाखवतं. तेच पाइपमध्ये सोडलं की दर ओळीला एक नाव देतं, रंगही सहसा गळून पडतात. पलीकडे माणूस नाही हे त्याला कळलेलं असतं. याच स्वभावाची त्रासदायक बाजू म्हणजे बफर. सी भाषेची लायब्ररी समोर टर्मिनल असेल तर ओळ पुरी झाली की ती पुढे ढकलते. पाइप असेल तर चांगले काही हजार बाइट साठेपर्यंत स्वतःकडेच ठेवून घेते. दर सेकंदाला एक ओळ छापणारा प्रोग्राम स्क्रिप्टमधून चालवावा तर मिनिटभर सामसूम, मग एकदम धबधबा. पुष्कळांना वाटतं आपली स्क्रिप्ट बिघडली. 'एसटीडीबफ' नावाच्या छोट्या कमांडने किंवा पायथनला उणे यू हा पर्याय देऊन ही साठेबाजी मोडता येते.

आपल्यासाठी मात्र सगळ्यात जिव्हाळ्याची अडचण अक्षरांची. पाइपमधून अक्षरं वाहतच नाहीत, बाइट वाहतात. यूटीएफ-८ मध्ये 'म' म्हणजे तीन बाइट: २२४, १६४, १७४. 'पुणे' हे डोळ्याला दोन अक्षरी नाव. त्यात प, उकार, ण आणि मात्रा असे चार घटक, म्हणजे बारा बाइट. पकडणाऱ्याने हे बाइट यूटीएफ-८ समजून वाचले तर पुणे दिसतं. विंडोजच्या जुन्या पश्चिम युरोपीय कोडपेजप्रमाणे वाचले, तर एकट्या 'म'ची तीन चिन्हं होतात: डोक्यावर तिरका फराटा असलेला रोमन ए, मग ¤, मग ®. मराठी ईमेलमध्ये, एक्सेलमध्ये, कधी बँकेच्या एसएमएसमध्ये तो फराट्याचा ए आणि ¤ यांची रांग आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती म्हणजे तुटलेला फाँट नाही. मजकूर पकडणाऱ्याने लिपी चुकीची धरली, एवढंच. म्हणून पायथनमध्ये आउटपुट पकडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगावं, यंत्राच्या मनावर सोडू नये. आणि तुकड्या-तुकड्यांनी वाचत असाल तर आणखी जपून. १,०२४ बाइटचा तुकडा घेतला आणि मजकूर सलग देवनागरी असला, तर ३४१ घटक पुरे बसतात आणि ३४२ व्याचा फक्त पहिला बाइट येतो. अक्षर मधोमध चिरलं जातं. इंग्रजी मजकुरावर तपासलेली स्क्रिप्ट मराठीवर आपटते ती बहुतेकदा इथे.

भाषेचाच आणखी एक फेरा. तुमच्या यंत्राची भाषा मराठी असेल तर 'डेट' वार आणि महिना मराठीत सांगते. वाचायला छान, पण त्या ओळीत इंग्रजी महिना शोधणारी स्क्रिप्ट गप्प अपयशी होते. म्हणून स्क्रिप्टसाठी कमांड चालवताना तिच्यापुढे 'एलसी_ऑल=सी' लावतात: तेवढ्या वेळेपुरती कोरडी, ठरावीक भाषा बोल. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये याच कामासाठी 'पोर्सलीन' नावाचा पर्याय आहे. 'स्टेटस'ला तो दिला की माणसांसाठीची सजावट जाते आणि आवृत्ती बदलली तरी न बदलणारा साचा मिळतो. गिटच्या बोलीत पोर्सलीन म्हणजे माणसाच्या हाताळणीच्या कमांड, आतल्या त्या प्लंबिंग. तरीही यंत्रासाठीच्या पर्यायाला पोर्सलीन हे नाव का, यावर अनेकांनी डोकं खाजवलं आहे.

आता सुरुवातीचं ते शून्य. ज्याने गोंधळ घातला त्याच्याकडेच दुर्लक्ष करण्याची चूक पुढे सगळे करतात, मीही केली. एका छोट्या कार्यालयासाठी मी रोज रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट लिहून दिली होती. एक कमांड बॅकअप घ्यायची आणि शेवटी तयार झालेल्या फाइलचं नाव छापायची. मी ते नाव पकडायचो, एक्झिट कोड, म्हणजे जाताजाता दिलेला तो निरोप, ० आहे ना ते बघायचो आणि 'बॅकअप पूर्ण:' असं लिहून पुढे फाइलचं नाव अशी ईमेल पाठवायचो. तीन आठवड्यांनी एक जुनी फाइल परत हवी झाली तेव्हा कळलं, की बॅकअप होतच नव्हता. डिस्क भरली होती. ईमेल मात्र रोज येत होती. 'बॅकअप पूर्ण:', आणि त्या दोन टिंबांपुढे काहीच नाही. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, माझंही नाही. कोड तपासूनही हे कसं झालं? मी फंक्शनच्या आत 'लोकल नाव=$(...)' असं एका ओळीत लिहिलं होतं. बॅश या शेलमध्ये 'लोकल' ही स्वतःच एक कमांड आहे. मी तपासत होतो तो एक्झिट कोड बॅकअपचा नव्हता, 'लोकल'चा होता, आणि तिचं काम रोज नीटच होत होतं. 'लोकल नाव' एका ओळीत आणि पकडणं पुढच्या ओळीत, एवढाच उपाय.

आणखी दोन गोष्टी. पहिली किरकोळ. बहुतेक कमांड आपलं बोलणं नव्या ओळीच्या खुणेने संपवतात. शेल पकडलेल्या मजकुराच्या शेवटच्या अशा सगळ्या खुणा न विचारता कापून टाकतो. पायथन कापत नाही. तिथे 'स्ट्रिप' विसरलं की फाइलच्या नावाला अदृश्य शेपूट लागतं आणि डोळ्यांसमोर दिसणारी फाइल "सापडत नाही". दुसरी गोष्ट गंभीर आहे. बाहेरून आलेला मजकूर, समजा वेबसाइटवर कुणी भरलेलं फाइलचं नाव, कमांडच्या वाक्यात चिकटवून शेलला चालवायला देऊ नये. नावात अर्धविराम घालून पुढे फाइल पुसणारी कमांड लिहिणारा माणूस कधी ना कधी भेटतोच, आणि शेल ती इमानेइतबारे चालवतो. कमांड आणि तिचे शब्द यादीच्या रूपात वेगवेगळे द्यावेत, म्हणजे मध्ये शेल येत नाही आणि अर्धविराम हा नुसता अर्धविराम राहतो.

काही प्रोग्राम मात्र अडवूनही अडत नाहीत. दूरच्या यंत्रात शिरण्यासाठीचं 'एसएसएच' पासवर्ड मागतं तेव्हा ते १ किंवा २ च्या दाराने येत नाही. थेट टर्मिनल उघडून त्यावर लिहितं आणि तिथूनच वाचतं. तुम्ही सगळी दारं पकडून बसलेले असता आणि प्रश्न तुमच्या मागून पडद्यावर उमटतो. हे मुद्दाम आहे, पासवर्ड माणसाने द्यावा म्हणून. तरी प्रश्नोत्तरं करणारे प्रोग्राम स्क्रिप्टने चालवायची गरज असतेच, आणि त्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतले डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये 'एक्स्पेक्ट' लिहिलं. ते पाइप देतच नाही. कर्नलकडून एक खोटं टर्मिनल मागून घेतं, प्रोग्रामला त्याच्यापुढे बसवतं आणि पलीकडून आपण वाचत-लिहीत राहतं. प्रोग्राम डोकावून बघतो, त्याला टर्मिनल दिसतं. तो पासवर्ड तिथेच मागतो, ओळ पुरी झाली की लगेच पुढे ढकलतो, आणि 'एलएस' पुन्हा रकाने मांडायला लागतं.